जमिनीवरची सौरदुर्बीण : प्रस्तावना

ओमानच्या धाहिरा प्रांतातले इब्री हे शहर कर्कवृत्ताला जवळजवळ चिकटून, किंचित दक्षिणेला वसले आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून हलतच नाही म्हटले तरी चालेल. महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात येतो, आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा बहुधा आभाळ पावसाळी ढगांनी झाकलेले असते. इथे उभ्या काठीची सावली कित्येक दिवस बुडाशीच घुटमळते आणि ढगांचा अडथळा क्वचितच होतो. अशा गावात राहणाऱ्याला सूर्याचा विचार टाळता येत नाही.

इथल्या लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. ओमानच्या डोंगरपायथ्याच्या गावांना फलजचे पाणी मिळते. फलज म्हणजे भूगर्भातले किंवा झऱ्याचे पाणी केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणणारा पाट. हे पाणी बागायतदारांत वेळेच्या हिशोबाने वाटले जाते. पुष्कळ गावांत दिवसा ही वेळ उभ्या खांबाच्या सावलीवरून मोजत आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून. साधारण अर्ध्या तासाच्या वाट्याला ‘आथर’ म्हणतात. कुणाच्या खजुरीला किती पाणी, हा तंटा सावलीच्या साक्षीने मिटत असे. आता त्याच इब्रीजवळ ‘इब्री-२’ हा ५०० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. २०२२ च्या जानेवारीत त्याचे उद्‌घाटन झाले. दोन्ही अंगांनी प्रकाश शोषणारी लाखो पॅनेल इथे वाळवंटावर ओळीने मांडलेली आहेत.

सूर्यावरून वेळ मोजणे आणि सूर्यापासून वीज घेणे, हे सूर्याशी असलेले दोन व्यवहार इब्रीत असे शेजारी-शेजारी दिसतात. हे पुस्तक तिसऱ्या व्यवहाराविषयी आहे. सूर्य आहे तरी काय, त्याच्या पृष्ठावर काय घडते आणि का घडते, हे जमिनीवरून दुर्बिणीने पाहण्याविषयी आहे. या व्यवहारातून पाणी मिळत नाही, वीज मिळत नाही. त्यातून मिळते ती नोंद, आणि ती अखंड असेल तरच तिला मोल असते. पुढची सगळी प्रकरणे या एका गोष्टीभोवती बांधली आहेत.

ताऱ्यांची दुर्बीण आणि सूर्याची दुर्बीण यांच्या अडचणी एकमेकींच्या उलट आहेत. तारे पाहताना प्रकाश कमी पडतो, म्हणून मोठा आरसा हवा. सूर्य पाहताना प्रकाश इतका असतो की तो कुठे टाकावा हा प्रश्न पडतो. भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सूर्याची सुमारे एक किलोवॅट ऊर्जा पडते, हे सौर प्रकल्पावर काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. चार मीटर व्यासाचा आरसा सूर्याकडे वळवला की बारा-तेरा किलोवॅट उष्णता एका ठिकाणी गोळा होते. ती बाहेर काढली नाही तर दुर्बिणीच्या आतलीच हवा तापते, हलते आणि चित्र विसकटते. म्हणून आधुनिक सौरदुर्बिणीत नाभीपाशी गार ठेवलेली एक धातूची आड असते. तिच्या बारीक छिद्रातून सूर्यबिंबाचा हवा तेवढाच तुकडा पुढे जातो, बाकीचा प्रकाश तिथूनच परत फिरवला जातो.

दुसरी गोष्ट लांबीची. सूर्याचे बिंब आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापते. भिंगाचे नाभीय अंतर एक मीटर असेल तर प्रतिमा जेमतेम ९ मिलीमीटरची पडते. सौरडागाच्या आतले तपशील वेगळे पाहायचे तर प्रतिमा मोठी हवी आणि त्यासाठी अंतर लांब हवे. म्हणून सूर्याच्या दुर्बिणी मनोरे होतात किंवा बोगदे होतात. कोडाईकॅनालच्या वेधशाळेत मनोऱ्यावरचे आरसे सूर्यकिरण खाली आणून जमिनीखालच्या सुमारे ६० मीटर लांब बोगद्यात सोडतात. तिथल्या ३८ सेंटिमीटर भिंगामुळे सूर्याची ३४ सेंटिमीटर व्यासाची प्रतिमा मिळते. या प्रतिमेतला एक डाग वर्णपटमापकाच्या फटीवर आणून ठेवला की त्यातल्या वायूचे तापमान, वेग आणि चुंबकत्व वाचता येते.

मराठी मुलखाला सूर्याचे गणित नवे नव्हते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला आणि त्यावरून पुढे शतकानुशतके पंचांगे झाली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये मराठीत आला. पण हे सगळे सूर्य कुठे आहे याचे शास्त्र होते. सूर्य कशाचा आहे, हा प्रश्न वर्णपटाने विचारला. आणि त्याच्या इतिहासातली काही ठिकाणे आपल्या ओळखीची आहेत, हे मराठी वाचकांपर्यंत फारसे पोचलेले नाही.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली दक्षिण भारतावरून गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल हे वर्णपटदर्शक घेऊन उभे होते. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचे ते नातू. तिकडे गुंटूरला फ्रान्सचे झान्सेन होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा वर्णपट सलग पट्ट्यासारखा न दिसता सुट्या तेजस्वी रेषांचा दिसला. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या, हे त्या काही मिनिटांत ठरले. या रेषा इतक्या ठळक होत्या की झान्सेन यांनी ग्रहण सुटल्यावर, दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्या पुन्हा पाहिल्या. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमध्ये, ग्रहणाशिवाय आणि स्वतंत्रपणे, तेच साधले. सूर्याच्या वर्णपटातली एक पिवळी रेषा कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा ‘हेलियम’ची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर तो वायू रॅमसे यांना १८९५ मध्ये सापडला.

इथे विजयदुर्गाविषयी लिहायला हवे. किल्ल्यावरच्या ‘साहेबाचे ओटे’ या चौथऱ्यांवर उभे राहून लॉकयर यांनी १८६८ मध्ये हेलियम शोधला, असे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकयर भारतात नव्हते. ते विजयदुर्गावर आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश आरमाराच्या ‘मेलपोमीन’ जहाजावरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी तिथे मोठी छावणी उभारली होती. विजयदुर्गाचा मान याने कमी होत नाही. सूर्याच्या वर्णपटाचा आद्य अभ्यासक आपल्या आयुष्यातल्या मोठ्या मोहिमेसाठी या किल्ल्यावर आला, ही खरी गोष्ट आहे आणि ती अभिमानाला पुरेशी आहे. विज्ञानाचा इतिहास मुलांना सांगताना तारीख बरोबर सांगणे हा विज्ञानाचाच भाग आहे.

१८९८ चे ते ग्रहण खरोखर महाराष्ट्राचे होते. सावली कोकणच्या किनाऱ्यावर उतरली, घाट चढून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली आणि वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे सरकली. पुण्या-मुंबईकडे प्लेगचे दिवस होते. तरीही जगातले नामांकित सौरशास्त्रज्ञ या पट्ट्यात येऊन थांबले. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. वऱ्हाडातल्या तळणी येथे ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी होती. तिच्यातल्या अॅनी माँडर यांनी सूर्यकिरीटाचा, म्हणजे करोनाचा, फार लांबवर गेलेला झोत छायाचित्रात पकडला. त्याच तुकडीतल्या जॉन एव्हरशेड यांनी खग्रास स्थितीच्या तोंडाशी क्षणभर उजळणाऱ्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. आणि जेऊरच्याच माळावर आणखी एक छावणी होती, पुण्याची. तिचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवाला हे मुंबईचे पारशी, एल्फिन्स्टन कॉलेजातले अध्यापक. १८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगमवाला इंग्लंडला गेले, तिथल्या ज्योतिषशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारण्याचे ठरवून परतले. त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. पुढे इंजिनीअरिंग कॉलेज म्हणून पुणेकरांना परिचित झालेली ती हीच संस्था. १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तयार झाली. तिथली डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. नायगमवाला नुसते यंत्राचे राखणदार नव्हते. मृगातल्या तेजोमेघाच्या मुख्य वर्णरेषेबद्दल लॉकयर यांनी मांडलेले मत आपल्या निरीक्षणांशी जुळत नाही, हे त्यांनी पुण्यात बसून, नोंदी पुढे ठेवून दाखवले. जेऊरच्या ग्रहणाचा त्यांचा अहवाल वेधशाळेचे पहिले प्रकाशन म्हणून १९०२ मध्ये छापला गेला.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बिणी आणि उपकरणे कोडाईकॅनालला गेली. तिथे त्या मोठ्या दुर्बिणीला आजही ‘भावनगर दुर्बीण’ म्हणतात. एका माणसाच्या नोकरीइतकेच आयुष्य त्या वेधशाळेला लाभले. हाताखाली माणसे तयार झाली नाहीत, खुर्ची दुसऱ्याला मिळाली नाही आणि पुण्याची नोंद चोवीस वर्षांनी थांबली. माझ्या मते महाराष्ट्राच्या विज्ञानाच्या इतिहासातली ही एक मोठी हानी आहे. त्या हानीचे स्वरूप समजायचे तर कोडाईकॅनालला काय झाले ते शेजारी ठेवून पाहावे लागते.

कोडाईकॅनालची वेधशाळाही एका गरजेतून निघाली. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर पाऊस आणि सौरडाग यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न सरकारपुढे आला होता आणि पळणीच्या डोंगरात, सुमारे २३०० मीटर उंचीवर, सूर्याच्या वेधांसाठी जागा निवडली गेली. तळणीला ग्रहण टिपणारे एव्हरशेड १९०७ मध्ये इथे आले. सौरडागाच्या करड्या कडेत वायू आतून बाहेरच्या दिशेने वाहतो, हे त्यांनी १९०९ च्या जानेवारीत वर्णरेषांच्या सूक्ष्म सरकण्यावरून ओळखले. ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणून ते आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पण कोडाईकॅनालचे खरे धन त्याहून मोठे आहे. १९०४ पासून तिथे उघडीप मिळेल त्या दिवशी सूर्याचे छायाचित्र घेतले गेले. कॅल्शियमच्या रेषेतल्या आणि हायड्रोजनच्या रेषेतल्या प्रतिमांच्या मालिकाही त्यानंतर थोड्याच वर्षांत सुरू झाल्या. एव्हरशेड १९२३ मध्ये निवृत्त झाले, त्यांच्यामागून कितीतरी जण आले-गेले, राज्य बदलले, काचेच्या पट्ट्या जाऊन डिजिटल कॅमेरे आले. मालिका चालू राहिली. आज त्या जुन्या काचपट्ट्यांचे संगणकीकरण झाले आहे आणि जगभरचे अभ्यासक त्या वापरतात.

याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. सौरडागांची संख्या ठरावीक फेऱ्यात वाढते-घटते, हे जर्मनीतल्या श्वाबे या हौशी निरीक्षकाने १८४३ मध्ये जाहीर केले, तेही वर्षानुवर्षे रोज डाग मोजून. एका फेऱ्याला सुमारे अकरा वर्षे लागतात, म्हणजे दहा फेरे पाहायला एका माणसाचे आयुष्य पुरत नाही. प्रत्येक फेरा आधीच्यासारखा नसतो. डाग उमटण्याचे अक्षांश बदलतात, चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल होते, काही फेरे जोमदार आणि काही मवाळ निघतात. पुढचा फेरा कसा असेल हे सांगायचे तर मागचे फेरे लेखी हवेत. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांना सौरडागांच्या समूहावर लखलखाट दिसला आणि पुढल्या दिवशी जगभरच्या तारयंत्रणा विस्कळीत झाल्या. आज तसेच वादळ आले तर उपग्रह आणि विजेची जाळी यांना धोका आहे, इब्रीच्या प्रकल्पाची वीज वाहून नेणाऱ्या तारांनाही आहे. सूर्याची नोंद ठेवण्यामागे आता हे व्यावहारिक कारणही आहे.

मग जिथे भरपूर ऊन तिथे सौरदुर्बीण उभारावी, असे वाटणे साहजिक आहे. इब्रीबद्दल मला हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. उत्तर थोडे अनपेक्षित आहे. विजेला ऊन पुरते, दुर्बिणीला शांत हवाही लागते. सकाळी दहानंतर इथली खडकाळ जमीन तापते आणि तव्यावर थरथरावी तशी तिच्यावरची हवा थरथरू लागते. या थरांतून येणारा किरण क्षणाक्षणाला वाकतो. सूर्यावरचे ७२५ किलोमीटर पृथ्वीवरून एका विकलेएवढे दिसतात आणि भर दिवसाची चंचल हवा तेवढाही तपशील सहज पुसून टाकते. वाऱ्याबरोबर येणारी धूळ तर आरशाची वैरीणच. म्हणून सौरवेधशाळांना पाण्याकाठी किंवा समुद्रातल्या उंच डोंगरांवर जागा शोधल्या जातात. पाणी जमिनीसारखे झपाट्याने तापत नाही, त्यामुळे त्याच्यावरची हवा स्थिर राहते. अरविंद भटनागर यांनी १९७५ मध्ये उदयपूरच्या फतेहसागर तलावातल्या बेटावर सौरवेधशाळा सुरू केली ती याच हिशोबाने. आता तिथे ५० सेंटिमीटरची ‘मास्ट’ दुर्बीण आहे. लडाखमध्ये पँगाँग सरोवराकाठी मेराक इथे दोन मीटरची राष्ट्रीय सौरदुर्बीण उभारण्याची योजनाही अशाच जागेचा शोध घेत पुढे आली.

उरलेल्या थरथरीवर उपाय म्हणजे आकार बदलणारा आरसा. येणारा प्रकाश कसा विसकटला आहे ते यंत्र मोजते आणि एका लवचिक आरशाची पाठ सेकंदाला शेकडो वेळा नेमकी ढकलून ती विसकट भरून काढते. हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरची चार मीटरची डॅनियल इनोये दुर्बीण या तंत्राच्या बळावर सूर्यावरचे सुमारे ३० किलोमीटरचे तपशील दाखवते. तिची पहिली चित्रे २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. उकळत्या वायूच्या पेशी, त्यांच्या मधल्या काळ्या फटी आणि त्या फटींतली चुंबकीय चमक त्यांत वेगळी दिसते. एका पेशीचा आकार साधारण महाराष्ट्राएवढा असतो, हे लक्षात ठेवून ती चित्रे पाहावीत.

भारताचे ‘आदित्य-एल१’ हे अवकाशयान २ सप्टेंबर २०२३ ला निघाले, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पोचले आणि तिथून सूर्य पाहते आहे. त्यावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली घडली. १९१२ नंतर पुण्याचे नाव सूर्याच्या निरीक्षणाशी इतक्या ठळकपणे पुन्हा जोडले गेले, याचा आनंद मला शब्दांत मावत नाही. वातावरण अडवते ते अतिनील किरण पाहायचे तर वर जावेच लागते. पण त्यामुळे जमिनीवरची दुर्बीण निकामी ठरत नाही. ‘सूट’चा आरसा सुमारे १४ सेंटिमीटरचा आहे, हवाईतला चार मीटरचा. जमिनीवरचे यंत्र दुरुस्त करता येते, त्याचा कॅमेरा बदलता येतो आणि ते शंभर वर्षे चालवता येते. रात्रीचा अडथळाही माणसांनी एकमेकांच्या मदतीने दूर केला आहे. ‘गाँग’ या जाळ्यातल्या सहा दुर्बिणी १९९५ पासून पृथ्वीभोवती अशा मांडल्या आहेत की एका ठिकाणी सूर्य मावळताना दुसरीकडे तो वर आलेला असतो. त्यातली एक उदयपूरला आहे. सूर्याचे पृष्ठ सुमारे पाच मिनिटांच्या लयीत वर-खाली होते. या हेलकाव्यांची सलग नोंद हाती आली की त्यावरून सूर्याच्या पोटातली रचना काढता येते. नोंदीत खंड पडला की गणित बिघडते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी प्रकाश आणि उष्णता, मग दुर्बिणीची अंगे, मग जागेची निवड, त्यानंतर वर्णपट आणि चुंबकत्व, आणि शेवटी नोंदी व त्यांचा वापर. गणित दहावीच्या पलीकडे नेलेले नाही. हस्तलिखित वाचून अडलेल्या जागा दाखवणाऱ्या मस्कत आणि पुण्यातल्या स्नेह्यांचा मी ऋणी आहे.

एक सूचना कळकळीची. उघड्या डोळ्यांनी किंवा गाळणी न लावलेल्या दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. क्षणभरही नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. परिशिष्टात सूर्यबिंब पांढऱ्या कागदावर पाडण्याची रीत दिली आहे. ती शाळेच्या व्हरांड्यात, शिक्षक सोबत असताना करता येते. कागदावर वर्तुळ आखावे, दिसतील ते डाग त्यात मांडावेत, तारीख आणि वेळ लिहावी आणि हे कागद एका वहीत जपावेत. चार दिवसांत डाग सरकलेले दिसतील, आणि सूर्य स्वतःभोवती फिरतो हे कुणी सांगण्याआधी मुलांना कळेल.

या वहीबाबत माझा शाळांकडे एकच आग्रह आहे. ती एका हुशार मुलाची किंवा उत्साही शिक्षकाची होऊ देऊ नये. दहावीतली मुले बाहेर पडताना ती नववीकडे सोपवावी, शिक्षकांची बदली झाली तर येणाऱ्याच्या हाती द्यावी. नायगमवालांकडे दुर्बीण होती, बुद्धी होती, पैसाही काही काळ होता. त्यांच्यामागून वही हाती घेणारा नव्हता. मराठी मुलखात असे शंभर वारस तयार झाले तर हे पुस्तक लिहिण्याचे सार्थक होईल.

इब्री, ओमान